पहिला अर्ज

सरकारने शैक्षणिक कर्जाची योजना बदलली आणि नवे लांबलचक अर्ज आले. हेडक्लार्क कुमुदिनी गवाणकरांनी मुलांसाठी कॉलेजात मदत कक्ष मागितला, तर संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब इंगवले उखडले. "शिकलेल्या पोरांना अर्ज भरायला मदत कशाला? त्यापेक्षा योजनेचा समारंभ करा. फीत मी कापतो."

बाईंनी समारंभ केला, पण फितीऐवजी कोरा अर्ज पुढे ठेवला. "फीत काय, कोणीही कापतं. नमुन्याचा पहिला अर्ज साहेबांच्याच हातून होऊ दे."

टाळ्या पडल्या. तात्यासाहेबांनी ऐटीत पेन काढलं, तिसऱ्या रकान्यापाशी घाम पुसला आणि हळूच विचारलं, "बाई, इथं काय लिहायचं हो?"

बाईंनी माइक ओढला. "मंडळी, मदत कक्ष सुरू झाला! पहिली मदत खुद्द अध्यक्षांनी मागितली आहे."