पवनचक्कीचा राखणदार गेनू

घाटमाथ्यावरच्या एका वाडीत गेनू नावाचा एक फार भोळा माणूस राहत होता. वाडीजवळ नवी पवनचक्की उभी राहिली. वाऱ्यानं पाती फिरणार, त्यातून वीज होणार. गेनूला तिथं राखणदाराची नोकरी लागली. बायको मुक्ता म्हणाली, "ही सातवी नोकरी. आता तरी साहेब सांगतील तस्संच करा."

"तस्संच करीन," गेनू म्हणाला.

पहिल्या दिवशी कुलथे साहेबांनी बजावलं, "वाऱ्याच्या आड काही येऊ द्यायचं नाही."

दुपारी सरपंच चक्की बघायला आले. सरपंच अंगानं चांगलेच भरलेले.

"वारा अडतोय," गेनू म्हणाला. "आडवे व्हा."

"काय?"

"आडवे व्हा!" आणि त्यानं सरपंचांना धरून गवतात निजवलं.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे, कुणी आलं की 'या, बसा' म्हणायचं. हवं-नको बघायचं!"

"आता तस्संच करीन."

दुसऱ्या दिवशी चोर आला. तांब्याची तार कापायला लागला.

"या, बसा," गेनू म्हणाला. त्याला पाणी दिलं. तारेचं भेंडोळं जड होतं, ते त्याच्या डोक्यावर चढवून दिलं. उतारापर्यंत पोचवूनही आला.

साहेब ओरडले, "अरे, तारेला हात लावील त्याला खांबाला बांधायचं!"

"आता तस्संच करीन."

तिसऱ्या दिवशी वायरमन नवी तार जोडायला आला. त्यानं तारेला हात लावला. गेनूनं त्याला खांबाला बांधलं. त्याच तारेनं.

साहेबांनी सोडवलं तेव्हा वायरमन रडत होता. साहेबही रडायच्या बेतात होते. "गेनू, उद्या उद्घाटन. मंत्री येणार. कुणाला निजवू नको, कुणाला बांधू नको. जे कमी पडेल ते गावातून आणून दे. एवढंही जमलं नाही तर नोकरी गेली समज."

गेनू घाबरला. घरी पोचेपर्यंत घोकत राहिला, "कमी पडेल ते आणायचं."

उद्घाटनाच्या सकाळी गावची जुनी वीज तोडली. मंत्री कळ दाबणार आणि चक्कीची वीज घरोघर जाणार. मंत्री आले. हार झाले, भाषण झालं. आणि वारा पडला. झाडाचं पान हलेना. पाती जागच्या जागी.

साहेबांना दरदरून घाम फुटला. "वारा कमी पडला रे, गेनू!"

"कमी पडला?" गेनू पळत सुटला.

तासाभरात बैलगाडी आली. गाडीत गावातले झाडून सगळे पंखे. टेबलावरचे, भिंतीवरचे, छताचे. सरपंचांचा पंखा निघत नव्हता, तो वाशासकट आणला होता. गेनूनं मांडवात शिरून मंत्र्यांच्या डोक्यावरचा पंखाही उतरवला. एकूण अठ्ठेचाळीस पंखे चक्कीकडे तोंड करून रांगेत मांडले. मग घाम पुसत, हसतमुखानं साहेबांसमोर उभा राहिला.

"साहेब, वाऱ्याची सोय झाली. आता पंखे लावायला तेवढी वीज सोडा."