राउटरचं ओरडणं

घरोघरी वायफाय नवं होतं तेव्हाची गोष्ट. धूळ बसू नये म्हणून पेडणेकरकाकूंनी राउटर शोकेसमध्ये पितळी घंगाळामागे ठेवला, वर क्रोशाचं कव्हर घातलं. आतल्या खोलीत त्यांच्या सुनेची, मृण्मयीची, लॅपटॉपवरची नोकरीची मुलाखत सारखी तुटत होती.

राउटर गोंधळला. “घसा फोडून ओरडतोय, तरी लॅपटॉपला ऐकू कसं जात नाही? बहिरा आहे का?” तो आणखी जोरात ओरडला. मुलाखत पुन्हा तुटली.

खोक्यात वेटोळं करून पडलेली वायर म्हणाली, “दादा, मी जाऊन बघू का?”

वैतागलेल्या मृण्मयीने तिचं एक टोक राउटरला, दुसरं लॅपटॉपला जोडलं. मुलाखत सुरळीत झाली.

राउटर बुचकळ्यातच. “तू तर आवाजही चढवला नाहीस. सांगितलंस काय त्याला?”

“तुझंच बोलणं,” वायर म्हणाली. “फक्त त्याच्याजवळ जाऊन.”