पलीकडचे टोक

एकदा तालुक्याच्या एका रुग्णालयात, बांधकामाच्या परांचीवरून पडून डोक्याला मार लागलेल्या गवंड्याला आणले. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या सर्व्हरवर त्याच्या स्कॅनची चित्रे पोहोचल्याखेरीज तिथले शल्यविशारद काही सांगू शकत नव्हते. आणि चित्रे जाईनात. जोडणी व्हायची, पाठवणे सुरू व्हायचे आणि अर्ध्यात तुटायचे.

संगणक सांभाळणारी शलाका मेटाकुटीला आली. तिने केबल बदलली, सुरक्षेसाठीची फायरवॉल बंद केली, पासवर्ड बदलला, शेवटी प्रोग्रामच काढून नवा घातला. आता तर जोडणीसुद्धा होईना! अखेर तिने आपले गुरू, निवृत्त अभियंते हुद्दार सर, यांना बोलावले.

सर शांतपणे बसले आणि तिने केलेला एकेक बदल उलटवू लागले.

शलाकाचा संयम सुटला. "अहो सर, हे काय करताय? सकाळपासूनची सगळी मेहनत! तिकडे पेशंट शुद्धीवर नाहीये."

"मला पहिलाच बिघाड हवाय," सर म्हणाले.

जोडणी पूर्ववत झाली. मग सरांनी 'नमस्कार' एवढ्याच शब्दाची फाइल पाठवली. ती क्षणात पोहोचली.

"छोटं जातंय, म्हणजे वाट ठीक आहे. आता पलीकडे फोन लाव."

"लावला होता, सर. सर्व्हर चालू आहे म्हणाले."

"नेमकं काय विचारलंस?"

"चालू आहे का, एवढंच."

"आता विचार, जागा आहे का?"

शलाकाने विचारले, तशी फोनवर कळफलकाची टकटक ऐकू आली. मग घाईघाईचा आवाज आला, "मॅडम, डिस्क जवळजवळ भरलीय! थांबा, जुनं हलवतो."

चित्रे गेली. थोड्याच वेळात निरोप आला, 'ताबडतोब घेऊन या.' रुग्णवाहिका निघाली.

सर म्हणाले, "अगं, चिडलेला माणूस विचारायचं सोडतो आणि बदलत सुटतो. मग मूळ अडचणीवर आपल्याच अडचणींचे थर चढतात. वाट अडली की ती कुठवर नीट आहे, हे आधी पाहावं. तू सगळे बदल याच टोकाला केलेस, कारण हात इथेच पोहोचतो."

बंद केलेली फायरवॉल पुन्हा सुरू आहे ना, हे शलाकाने नीट पाहून घेतले.

आपले म्हणणे समोरच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून आपण आवाज चढवतो, शब्द बदलतो. त्याच्याकडे ते ठेवायला जागा उरली आहे का, हे विचारायचे मात्र राहून जाते.