नीरेतले चार टक्के

डहाणूच्या रस्त्याकडेला जमनाबाई धोडी ताडाची नीरा विकायची. पहाटे उतरवलेली नीरा ती लगेच बर्फात ठेवायची, कारण उन्हात ती आंबते आणि तिची ताडी होते.

एका सकाळी उत्पादन शुल्क खात्याचे निरीक्षक कारखानीस नवंकोरं यंत्र मिरवत आले. नुसतं पेल्याला टेकवलं की हे इन्फ्रारेड किरणांनी आतली दारू मोजतं, असं त्यांनी रांगेतल्या गिऱ्हाइकांना ऐकवलं. मग स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने त्यांनी यंत्राची काच ऐटीत पुसली आणि ती पेल्याला टेकवली.

"चार टक्के! नीरेच्या नावाखाली ताडी विकतेस? परवाना आजच रद्द!"

रांग पांगू लागली. जमनाबाईची नजर मात्र त्या ओल्या कापसावर होती.

"परवाना खुशाल न्या साहेब. पण आधी तुमच्या बाटलीतलं पाणी तपासा."

साहेब तुच्छतेने हसले. त्यांनी दुसऱ्या, रिकाम्या पेल्यात पाणी ओतलं, सवयीने काच पुसली, यंत्र टेकवलं. पुन्हा चार टक्के!

जमनाबाई म्हणाली, "यंत्राला बोल लावू नका. त्याला दारू सापडली ती खरीच आहे. फक्त ती माझ्या नीरेत नाही, तुमच्या कापसात आहे."

तिने आपल्या कोरड्या पदराने काच पुसून दिली. नीरेचा आकडा आला शून्य. साहेब खाली मान घालून जीपकडे निघाले.

"साहेब, रोज सकाळी येत जा," जमनाबाईने हाक मारली. "हे शून्य बघून गिऱ्हाइकं माझी नीरा नऊच्या आत संपवतील!"

रांग पुन्हा लागली होती, मघापेक्षा लांब.