खांबाला वळसा

त्या राज्यात उजेड नव्हता, आणि तो नसल्याची तक्रार कधी कुणी केली नव्हती. डोंगराच्या पोटातल्या एका लांबरुंद गुहेत वटवाघळांची वस्ती होती. दिवसभर ती छताला उलटी लटकून झोपत, संध्याकाळी बाहेरच्या रानात जात आणि पोटभर किडे खाऊन पहाटे परतत. रानात प्रत्येक जण हाका मारत फिरे. हाक समोरच्या वस्तूवर आपटून परत येई, आणि वस्तू किती लांब आहे, जाड आहे की बारीक, हे त्या परतलेल्या हाकेवरून कळे. अंधारात जगणाऱ्यांची ही मोठी सोय होती.

घरात मात्र हाक मारायची नाही, असा रिवाज होता. घर ओळखीचं, आपल्याच घरात कुणी विचारत फिरतं का? घरासाठी वाट पाठ करायची असे. मोठ्या दालनात सरळ, मधल्या खांबाला उजवीकडून वळसा, बोळाच्या तोंडाशी अंग चोरून, आणि मग वरच्या अंगाने बाहेर. ही वाट वस्तीतल्या प्रत्येकाला झोपेतसुद्धा म्हणता येई. काही जण झोपेत म्हणतही.

पोरांना वाट शिकवण्याचं काम रुंजीबाईंकडे होतं. दालनाच्या बाजूला एक खोल कोनाडा होता, तिथे त्यांचा वर्ग भरे. रुंजी शिकवायची चांगली. तिच्या वर्गातलं पोर अडखळत नसे, आणि सगळी एका सुरात वाट म्हणू लागली की बाहेर लटकलेल्या आयांना भरून येई. रुंजीलाही त्या सुराचा अभिमान होता.

एका संध्याकाळी सगळ्यांबरोबर बाहेर पडताना, अगदी खांबाच्या वळशावर, तिला शिंक आली. शिंकेला रिवाज ठाऊक नसतो. ती सुटली, थेट खांबाच्या दिशेने गेली आणि परत आलीच नाही. म्हणजे आली, पण फार उशिरा, दालनाच्या पलीकडच्या भिंतीवरून. रुंजी चमकली. दुसऱ्या संध्याकाळी तिने त्याच जागी मुद्दाम शिंकून पाहिलं. शिंक पुन्हा पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन आली. मध्ये काहीच नव्हतं. खांब कधीतरी पाण्याने झिजून पडला असावा, बहुधा सगळे रानात असताना, आणि तेव्हापासून किती पिढ्या त्या रिकाम्या जागेला शिस्तीत वळसा घालत होत्या, देव जाणे.

खांब नाही याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. थोडा फेरा पडतो, इतकंच. पण त्या दिवशी तिचा डोळा लागेना. दगड नाही तिथे आपण सगळे वळतो, याचा अर्थ घरात कुणीच काही ऐकत नाही. मग जिथे दगड नव्हता तिथे उद्या एखादा आला तर? ती मनाची समजूत घालायला वर्गात गेली आणि मुद्दाम चुकीचं सांगितलं, "खांबाला डावीकडून वळसा." अख्ख्या वर्गाने गोड आवाजात म्हटलं, "खांबाला डावीकडून वळसा." सगळ्यांत स्पष्ट आवाज भुरीचा होता. भुरी वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. कालपर्यंत ती उजवीकडून म्हणत होती आणि आज डावीकडून म्हणताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

या पोरांना आपण सांगू ते खरं वाटतं, हे रुंजीला नेहमीच ठाऊक होतं. त्याची भीती तिला आज पहिल्यांदा वाटली. आपण एखाद्या दिवशी चुकलो, तर ही सगळीच्या सगळी आपल्या चुकीवर जाऊन आपटतील, आणि आपटतानाही सूर सोडणार नाहीत.

तिने स्वतःला आधी सुधारून पाहिलं. खांब नाही हे माहीत असूनही त्या जागी आलं की तिचे पंख आपोआप वाकत. तिने दात खाऊन सरळ जायचं ठरवलं, तरी वाकत. आपलं आता वय झालं, असं म्हणून तिने तो नाद सोडला आणि पोरांकडे वळली.

दुसऱ्या दिवशी तिने कोनाड्यात, पोरांच्या उडायच्या वाटेत, कोळ्याच्या धाग्याला एक सुकलेलं पिंपळपान टांगलं. टांगल्याचं कुणाला सांगितलं नाही. भुरी नेहमीप्रमाणे सर्वांत पुढे होती. ती पानावर जाऊन धडकली. लागलं काही नाही, पण अपमान झाला.

"बाई, वाटेत हे नव्हतं."

"नव्हतं. आज आहे."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"तू विचारलं का नाहीस?"

"घरात विचारायचं नसतं," भुरी म्हणाली. हे वाक्यही तिला रुंजीनेच शिकवलं होतं.

"या कोनाड्यात विचारलेलं चालेल," रुंजी म्हणाली.

पान रोज जागा बदलू लागलं. कधी ते वर असे, कधी कोपऱ्यात, आणि कधी रुंजी ते टांगतच नसे, पण टांगलं आहे असं सांगे. पोरं हाका मारू लागली. सुरुवातीला नुसता कालवा झाला. सगळी एकदम ओरडत आणि कुणाची हाक कुणाला परत मिळाली, ते कळत नसे. म्हणून रुंजीने प्रत्येकाला आपापला आवाज शोधायला लावला. कुणाचा बारीक निघाला, कुणाचा घोगरा, कुणाचा तुटक. शेजारचा कितीही ओरडला तरी आपली हाक ओळखून परत घ्यायची, याचा तिने पोरांना घाम फुटेपर्यंत सराव दिला. भुरीला हे सगळ्यांत जड गेलं. दुसऱ्यांच्या सुरात सूर मिसळण्यात तिची हयात गेली होती, आणि तिची हयात ती केवढीशी. आपला आवाज कसा आहे हे तिला बरेच दिवस माहीतच नव्हतं. सापडला तेव्हा तो जरा चिरका निघाला. ती हिरमुसली, पण तिने तो टाकला नाही.

गवगवा व्हायचा तो झालाच. आया तक्रार घेऊन आल्या. "मी घरी गेले की पोर विचारतं, आई, तूच ना?" एक जण म्हणाली. "जिनं जन्म दिला तिनं आता ओळख पटवून द्यायची का?" दुसरीचं पोर झोपायच्या आधी दगडालासुद्धा हाक मारून बघत होतं. तिसरीला पोराच्या तोंडाला लागलेली जळमटं पुसून पुसून कंटाळा आला होता. तिघी मिळून धोंडोतात्यांकडे गेल्या.

धोंडोतात्या वस्तीतले सर्वांत थोर. वाट सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. रुंजीलाही लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी तिला बोलावलं, पण आवाज चढवला नाही.

"पोरी, हाका का नकोत, हे तुला माहीत आहे का?"

"नाही, तात्या. तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस," तात्या म्हणाले, आणि रुंजीला तशातही हसू आलं. तात्या मात्र हसले नाहीत. "माझ्या आजीच्या वेळी गुहेत धूर शिरला होता. सगळे घाबरून एकदम ओरडायला लागले. इतक्या हाकांत आपली कुठली ते कुणाला कळेना. जे ओरडत राहिले ते भिंतींवर आपटून मेले. जे गप्प राहून पाठ केलेल्या वाटेनं गेले ते जगले. आपण त्यांची पोरं. वाट म्हणजे थट्टा नाही."

तात्या खोटं बोलत नव्हते, हे रुंजीला कळत होतं. तिने एवढंच सांगितलं, की ती पोरांना ओरडायला शिकवत नाही, आपापला आवाज ओळखायला शिकवते. तात्यांनी ते ऐकून घेतलं आणि अट घातली. पोरांची रानाकडची पहिली भरारी जवळ आली होती. त्या समारंभात एकाही पोराने दालनात हाक मारली, तर रुंजीने वर्ग सोडायचा.

रुंजीने मान्य केलं. वर्ग गेला असता तर सगळंच गेलं असतं, अशी तिने स्वतःची समजूत काढली, आणि पोरांना जवळ बोलावून सांगितलं, "भरारीच्या दिवशी गप्प राहायचं. वाट पाठ आहेच. रानात गेल्यावर हवं तितकं विचारा." पोरांनी मान डोलावली. भुरीने जरा उशिरा डोलावली. आपण भित्र्या आहोत हे रुंजीला कळत होतं, आणि ते कळणं तिला फार बोचलं.

भरारीच्या दिवशी दुपारी डोंगर किंचित हलला. झोपलेल्यांनी कूस बदलावी तसं झालं, कुठेतरी खडखडलं आणि थांबलं. वर्षातून एकदोनदा असं व्हायचंच. कुणी उठलं नाही.

संध्याकाळी सगळी वस्ती दालनात लटकली. पोरांनी बोळाच्या तोंडाशी ओळ धरली. रिवाजाप्रमाणे पहिला मान पोरांचा, त्यांच्यामागून थोरांनी जायचं. बोळ चिंचोळा होता आणि मध्ये एक वळण होतं, त्यामुळे बाहेरचा उजेड आत येत नसे. पोरांनी अंग चोरून, पूर्ण वेगाने, एकामागून एक सुटायचं होतं. धोंडोतात्यांनी वाट म्हटली, पोरांनी ती त्यांच्यामागून म्हटली, आणि आयांना भरून आलं. मग गुरूने म्हणायचं ठरलेलं वाक्य रुंजीने म्हटलं. "वाट ठरलेली आहे. वाट मोकळी आहे. जा."

ओळीत भुरी पहिली होती. ती हलली नाही.

"भुरी, जा," रुंजी कुजबुजली.

"बाई, वाट मोकळी आहे म्हणालात," भुरी हळूच म्हणाली. "आज कुणी ऐकलीय का?"

आज कुणीच ऐकली नव्हती. रुंजी स्वतः त्या वाटेने पहाटे आली होती, तीही न ऐकता, आणि वाक्य तर त्याहून कितीतरी जुनं होतं.

मागून आया चुळबुळू लागल्या. धोंडोतात्या खाकरले. आणि भुरीने आपल्या चिरक्या आवाजात बोळात हाक मारली.

हाक फार लवकर परत आली.

सगळ्यांनी ती ऐकली. भुरीने पुन्हा मारली, जरा वर, मग जरा खाली. "वरच्या अंगाला दगड आहे," ती म्हणाली. "वळणाच्या पलीकडे लगेच. मोठा आहे. खाली फट आहे, पण पुरेल का, ते नीट कळत नाही." तिच्यामागच्या पोराने आपल्या घोगऱ्या आवाजात हाक मारली आणि फट डावीकडे रुंद आहे असं सांगितलं. तिसऱ्याला ते पटलं नाही, म्हणून त्याने स्वतः हाक मारली, आणि मग त्याला पटलं. दुपारच्या हादऱ्याने बोळाच्या छतातली शिळा खाली सरकली होती. ठरल्याप्रमाणे गेली असती तर पोरं एकामागून एक तिच्यावर आदळली असती.

आपला शब्द खोटा पडला, आपली आज्ञा मोडली गेली, आणि तीही वर्गातल्या सर्वांत आज्ञाधारक मुलीकडून. आणि तरी रुंजीच्या छातीवरचं ओझं उतरलं. इतकं हलकं तिला वर्ग एका सुरात म्हणायचा तेव्हाही कधी वाटलं नव्हतं. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. अंधारात कोण पाहतंय?

धोंडोतात्या ओळीजवळ आले.

"हाक कुणाची होती?" त्यांनी विचारलं.

"माझी," भुरी म्हणाली.

"बाकीची पोरंही ओरडली. त्यांच्यात मिसळली नाही?"

"नाही, तात्या. माझी चिरकी आहे. मला ओळखू येते."

रुंजीच्या वर्गाबद्दल चकार शब्द न काढता तात्या म्हणाले, "फटीतून सावकाश जा. विचारत जा."

पोरं गेली. बोळातून निरनिराळ्या आवाजांच्या हाका येत राहिल्या आणि एकेक करून रानाच्या मोकळ्या हवेत विरल्या. मागून आया गेल्या, वाटेत पोरांनाच "कुठून गं?" असं विचारत. मग बाकीचे गेले. आपली सगळी पोरं सुखरूप बाहेर पडली, हे रुंजीने शेवटची हाक विरेपर्यंत ऐकलं, आणि मग ती परत आत गेली. दालनाच्या टोकाशी धोंडोतात्या एकटेच लटकले होते. त्यांना सोबत करावी असं तिला वाटलं.

"निघायचं ना, तात्या?"

"तू हो पुढे. मी येतो."

रुंजी निघाली. खांबाच्या जागी येताच तिचे पंख नेहमीसारखे वाकले आणि तिने उजवीकडून वळसा घातला. ती स्वतःवरच हसली आणि बोळाच्या तोंडाशी थांबली.

मागे, दालनाच्या टोकाकडून, एक हाक आली. खरखरीत, मध्येच फाटणारी, घरात कधी न वापरलेली. ती खांबाच्या जागेतून गेली आणि पलीकडच्या भिंतीवरून उशिरा परतली. मग तीच हाक पुन्हा आली, बहुधा खात्रीसाठी. त्यानंतर म्हाताऱ्या पंखांची फडफड सुरू झाली, जवळ येत गेली, खांबाच्या जागी पोचली, आणि सरळ पुढे आली. तात्या काही न बोलता तिच्या बाजूने बोळात शिरले, आणि वळणावर पोचल्यावर त्यांनी आणखी एक हाक मारल्याचं तिने ऐकलं.

रुंजी बाहेर गेली नाही. ती माघारी फिरली, दालनाच्या टोकापर्यंत आली, आणि आपला आवाज कसा आहे ते आठवत तिने खांबाच्या जागेकडे हाक मारली.