पाठ लागली नाही

"सांगा महाराज, हरलेल्या गड्याचं नाव तालमीला देतात का कुठं?"

रंगराव मगदूम एका दमात बोलून गेला. एकेकाळचा देशाचा हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियन. मठाच्या ओसरीवर बसला, तर अर्धी ओसरी त्यानंच भरली.

भिकनाथ महाराज शेंगा फोडत होते. त्यांनी मूठभर दाणे त्याच्यापुढे सरकवले. रंगरावनं हात लावला नाही.

"तातोबा नाइकवडी. ह्याच गावचा, माझ्याच तालमीतला. फायनलला मी त्याला लोळवला, पंचांनी हात माझा वर केला. आता तो वारला, तर गाव म्हणतं तालमीला तातोबाचं नाव. उद्या पाटी लागणार. आणि हार म्हणे मी घालायचा!"

"गावाचं म्हणणं काय?"

"कपाळ! म्हणतात, तातोबा तोंडावर पडला, पाठ कुठं लागली? पाठ लागली न्हाई, म्हंजे हरला न्हाई. कुस्तीचा कायदा बॉक्सिंगला लावतात, महाराज! गाढवाला गुळाची चव काय? पण तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. एकदा सांगा त्यांना, रंगराव जिंकला म्हणून."

"सांगतो की. पण आधी मला लढत दाखवा. मी कुठं पाहिलीय?"

रंगराव उठला. गुडघे कुरकुरले, पण गडी खुशीत आला. बाह्या सारून अंगणात उतरला.

"हा असा पडला बघा..." त्यानं तळवे मातीत टेकले. "पंच आकडे मोजतोय. मग एक गुडघा... असा. मग दुसरा. दोर धरून उभा राहिला. तोंड रक्तानं माखलेलं, आणि मुठी वर! मी पुन्हा पाडला. पुन्हा उठला. शेवटी तोंडावर आपटला, तरी बोटं जमीन धरून उठायला बघत होती..."

त्याचा श्वास फुलला होता. डोळे भरून आले होते.

"हा तर तातोबा झाला," महाराज म्हणाले. "आता रंगराव दाखवा."

रंगराव थबकला.

"मी... कोपऱ्यात उभा होतो."

"का?"

"नियमच आहे तो. समोरचा पडला की आपण कोपऱ्यात जायचं. मोजून होईपर्यंत हलायचं नाही."

"तिथं काय करत होता?"

"बघत होतो त्याच्याकडे."

"नुसते बघत होता?"

रंगराव तळव्यांना लागलेली माती चोळत राहिला. ही गोष्ट त्यानं बायकोलासुद्धा कधी सांगितली नव्हती.

"म्हणत होतो... ऊठ, तातोबा. ऊठ."

"मोठ्यानं?"

"छे! मनात."

महाराजांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"मग गावानं तुमच्या मनातलंच लक्षात ठेवलं की, पैलवान."