पिल्लाची पत्रिका

लॅब्रॅडॉरच्या पिल्लापायी आमचे चार रविवार फुकट गेले होते आणि पाचव्या रविवारी हे घोरपडकर नशिबी आले. कुत्र्यांची पैदास करणारा हा गृहस्थ भिंतीवरच्या ढालींखाली बसून तासभर नुसतं खानदान ऐकवत होता. पिल्लाचा पणजोबा कुठे जिंकला, त्याचा बाप कुठून आणला! माझं डोकं उठलं.

"या पिल्लाची आई बघता येईल का?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"अहो, नोंदणीचं सर्टिफिकेट समोर आहे, सात पिढ्या आहेत त्यावर!" ते खेकसले. "आई बघून तुम्हाला काय कळणार? ती फार्महाऊसवर आहे."

माझ्या मांडीवरचं पिल्लू मलूल होतं. तरी वैतागून मी चेकवर सही करायला पेन काढलं. ते माझ्या बायकोनं, वत्सलानं, हातातून काढून घेतलं. ती तीस वर्षं वधूवर मंडळ चालवतेय.

"पत्रिका झकास आहे हो," ती म्हणाली. "पण ज्या घरात पणजोबांचा फोटो दाखवतात आणि मुलीची आई काही केल्या बाहेर येत नाही, तिथे मी चहासुद्धा घेत नाही."

समोरचा भरलेला कप तिनं त्यांच्याकडे सरकवला आणि ती उठली.

पुढच्या रविवारी एका पोस्टमास्तरांच्या फाटकाशीच एक कुत्री आमच्यावर गुरगुरली.

"पिल्लांची आई आहे," ते ओशाळून म्हणाले.

"गुरगुरू दे," वत्सला खाली बसत म्हणाली. "लेक द्यायची म्हणजे चौकशी करणारच ती."